अंगठी, सुनेला

सासूबाईंच्या पिशवीत मी बीपीच्या गोळ्या शोधत होते आणि हाताला लागली कर्जतच्या सराफाची चिठ्ठी. वर नाव बनुबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं. खाली लिहिलेलं, ‘अंगठी, सुनेला, सहा रत्ती.’

कोणत्या सुनेला, हे विचारायची गरजच नव्हती. या घरात सुना दोन. थोरली मी, रुपाली, सोळा वर्षं मिरजगावात सासूबाईंचं पथ्यपाणी सांभाळणारी. धाकटी संस्कृती, पुण्यात बँकेत. सणाला चार दिवस येते आणि तेवढ्यात गुणाची ठरून जाते. माझ्या बोटाचं माप कुणी घेतलं नव्हतं, म्हणजे अंगठी तिचीच. दिवाळीत सासूबाई आणि ती कर्जतच्या बाजाराला गेल्या, तेव्हा मला घरी ठेवलं होतं.

जळले मी, खोटं कशाला सांगू? अंगठीसाठी नव्हे. ‘थोरलीनं केलं, चांगलं केलं’ एवढं चार बायकांत त्या एकदा म्हणाल्या असत्या, तर मला काचेचा मणीही पुरला असता.

दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून मी कर्जत गाठलं. सासूबाईंनी खडा बघून यायला सांगितलंय, अशी सराफाला, कल्याणशेठना, थाप मारली. खात्री करायला विचारलं, “अंगठी सुनेलाच ना?”

“व्हय, सुनेलाच. पुष्कराजाला लई पैसं पडत्यात. मंग म्हनल्या, सुनेलाच करू.”

म्हणजे धाकटीसाठी पुष्कराजाचीही चौकशी झाली होती! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शेठनी दोन पिवळे खडे दुकानाच्या पायरीवर, उन्हात आणले. दिव्याखाली काचही खरी वाटते, म्हणाले. एक खडा फिका, लिंबाच्या सरबतासारखा, रंग सगळीकडे सारखा. तो जमिनीतूनच तसा निघालेला. दुसरा गडद, तांबूस झाक असलेला. तो मुळात जांभळा, भट्टीत तापवून पिवळा केलेला. रंग एका टोकाला गोळा झालेला, बाकी पांढुरका. खोटा नाही, बाजारात बहुतेक असेच असतात, दागिन्यात खुशाल घालावेत. पण ग्रहासाठी घालणारे भाजलेला घेत नाहीत, त्याला गुण नसतो असं गुरुजी सांगतात. सासूबाईंनी फिका निवडून ठेवला होता.

मी गडद खड्यावर बोट ठेवलं आणि घरात हाच ठरलाय म्हणून सांगितलं. शेठनी दोनदा विचारलं, मी दोनदा हो म्हटलं. संस्कृतीच्या बोटात भट्टीतला खडा जाणार आणि तिला कळणारही नाही, या आनंदात मी मिरजगावपर्यंत एसटीत उभी राहून आले.

पुढच्या गुरुवारी चहा घेऊन बाहेर गेले, तर ओट्यावर शेजारच्या बायका सासूबाईंचा हात धरून बसलेल्या. अंगठी सासूबाईंच्याच बोटात होती. इंदूकाकूंनी विचारलं, पुष्कराज का?

“न्हाई गं, सुनेला. खड्याचं नावच हाय तसं. पुष्कराज परवडत न्हाई त्यांनी घालायचा. पुढल्या म्हैन्यात डोळ्याचं आपरेशन हाय न्हवं, मला लई भ्या वाटतं. म्हनून गुरुजींनी सांगितला. या वयात अंगठी म्हंजे लोकं हसत्यात, म्हनून घरात बोलले न्हाई.”

मी चहाचा ट्रे ओट्यावर ठेवला.

“म्या फिका काढून ठिवला हुता,” सासूबाई सांगतच होत्या. “पर शेठ म्हनला, तुमची थोरली येऊन दुसराच निवडून गेली. म्हनलं, मंग त्योच बसव. थोरलीनं केलं म्हंजे चांगलंच केलं असंल.”

बायका माझ्याकडे कौतुकानं बघायला लागल्या. सासूबाईंनी अंगठीचा हात माझ्यापुढे धरला.

“चांगला हाय न्हवं गं? गुन येईल न्हवं?”

“येईल, आत्याबाई,” मी म्हणाले.