बरणीतले मेलेले किडे

बाजाराच्या आवारात गावात आलेल्या एका मांत्रिक बाबांनी काचेची बरणी उंच धरली, तशी गर्दी पुढे सरकली. आदल्या संध्याकाळी सगळ्यांदेखत त्यांनी तिच्यात किडके गहू भरले होते, कडुलिंबाच्या पाल्याची एक पुरचुंडी टाकून झाकण घट्ट लावलं होतं. आता एकही किडा हलत नव्हता.

"पाला तुमच्याही दारात आहे. पण त्यात माझा मंत्र आहे का?" बाबा म्हणाले. "पुरचुंडी उघडायची नाही. खोली बंद ठेवायची. शक्ती खिडकीतून निसटते."

मंत्राच्या शक्तीलाही बाहेर पडायला खिडकी लागते, याचं मला हसू आलं. वहिनी मात्र गंभीर होती. मागच्या खेपेला तिच्या निम्म्या गव्हाचं किड्यांनी पीठ केलं होतं.

मी म्हटलं, "वहिनी, पाल्याने किडे लांब राहतात. एका रात्रीत असे मरत नाहीत."

"भावोजी, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवा. घर मला चालवायचंय."

तिने बाबांकडून पुरचुंड्या विकत घेतल्या, गव्हाच्या पिंपात ठेवल्या आणि खोलीची खिडकी लावून घेतली. पुतणी त्याच खोलीत झोपायची. चौथ्या दिवशी सकाळी ती ओकू लागली, तिला श्वास पुरेना. आम्ही तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी ऑक्सिजन लावला आणि वहिनीला विचारलं, "ताई, ही झोपते तिथे धान्य आहे? त्यात काही ठेवलंय?"

"बाबांचा कडुलिंब. दुसरं काही नाही."

"पाल्याने असं होत नाही. घरी फोन करा. सगळ्यांना बाहेर पडायला सांगा, पुरचुंडीला हात लावू नका म्हणावं." मग त्या हळूच म्हणाल्या, "परवा किराणावाल्याच्या आईंना असंच आणलं होतं. त्या गेल्या. वयामुळे, असं मीही म्हटलं."

कृषी खात्याच्या माणसाने गॅसचा मुखवटा चढवून मैदानात पुरचुंडी कापली. पाल्याच्या आत राखाडी भुकटी होती. गोदामांत वापरतात त्या विषारी गोळीचा तो उरलेला चुरा. धान्यातल्या ओलाव्याने गोळीतून वायू सुटतो, बंद जागेत साचतो आणि किड्यांना मारतो. माणसांनाही. मंत्र एवढाच होता. बाबा तोवर पसार झाले होते.

किराणावाला गर्दीत उभा होता. "आई म्हणत होती, जीव घुसमटतोय, खिडकी उघड," तो म्हणाला. "बाबांनी बजावलं होतं, म्हणून मी उघडली नाही."

पुतणी वाचली. वहिनी आता गहू कडक उन्हात वाळवते, सुकवलेला पाला घालते, अधूनमधून पिंप तपासते. थोडे किडे होतात, ती चाळून काढते. कडुलिंबाला मंत्र लागत नाही. आत काय आहे हे जो सांगत नाही, त्याची वस्तू घरात आणू नका.