कॉम्प्युटरचं बॉनेट

"आये खाली येतेय. तिला एवढंच सांगायचं, कॉम्प्युटर जुना झालाय. बाकी तोंड उघडायचं नाय," कुंदनशेठ म्हणाला.

"जुना झालेला नाही."

"तुला विचारलं?"

घणसोली गावात कुंदन म्हात्रेचं लग्नपत्रिका छापून देण्याचं दुकान होतं, त्याच्याच घराच्या तळमजल्यावर. मी तिथे मराठी टायपिंग करायचे. बी.एस्सी. फिजिक्स झाल्यावर सात महिन्यांनी मिळालेली ही पहिली नोकरी. पुढच्या वर्षी एम.एस्सी.ला जायचं होतं आणि त्याची फी याच पगारातून साठत होती. नोकरी गेली तर एम.एस्सी.ही जाणार, हे कुंदनला ठाऊक होतं. बोलताना तो ते विसरत नसे, मलाही विसरू देत नसे.

कॉम्प्युटर चार वर्षांपूर्वीचा, ४८६ प्रोसेसरचा. १९९७च्या दसऱ्यापर्यंत नीट चालत होता. दसऱ्याच्या सुट्टीनंतर मी कामावर परतले आणि तो मध्येच गोठायला लागला. माऊस हलेना, कोणतीही की दाबली तरी काही होईना. बंद करून पुन्हा सुरू करणं एवढाच उपाय. कुंदनने पहिल्याच दिवशी निकाल दिला. "मशीनगन चालवल्यासारखी टाइप करतेस. वाट लावलीस मशीनची." दुसऱ्या दिवशी तो वाशीच्या डीलरकडून दोन भाव घेऊन आला. आतला बोर्ड आणि मेमरी बदलली तर अठरा हजार, नवा पेंटियम घेतला तर बेचाळीस. त्याला पेंटियम हवा होता. पण पैसे त्याच्या आईच्या, सुमित्राबाईंच्या हातात. खोल्यांची भाडी त्याच वसूल करायच्या. मुलावर त्यांचा विश्वास नव्हता. शिकलेल्या मुलीने सांगितलं तर ऐकतील, असं त्याला वाटत होतं.

मी सोळा दिवस नोंदी ठेवल्या. सकाळी सुरू केल्यावर एक्केचाळीस मिनिटांनी गोठतो. लगेच पुन्हा सुरू केला तर नऊ मिनिटांनी. अर्धा तास बंद ठेवला की अडतीस. टेबलफॅन त्याच्याकडे वळवला तर सत्तावन्न. म्हणजे दोष उष्णतेचा होता. शिवाय यंत्र हळूहळू जुनं होत जातं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराला जुनं होत नाही.

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावायला मला बंदी होती. सतराव्या दिवशी कुंदन बाहेर गेलेला असताना मी चार स्क्रू काढले. आत मदरबोर्डवर हळदीकुंकू. झेंडूची सुकलेली पाकळी. आणि प्रोसेसरवरच्या चिमुकल्या पंख्यात तांदळाचे तीन दाणे, त्यातला एक पात्याखाली घट्ट बसलेला. खंडेनवमीला मला सुट्टी होती, तरी काय झालं असेल ते कळलं. टेम्पोची पूजा करताना बॉनेट उघडून इंजिनाला कुंकू लावतात, तसंच यांनी कॉम्प्युटरचं बॉनेट उघडलं होतं.

मी चिमट्याने दाणे काढले. त्यानंतर दोन दिवस मशीन एकदाही थांबलं नाही. कुंदनला सांगितलं, तेव्हा त्याने आधी दुकानाचं दार लावून घेतलं. "हे आयेच्या कानावर गेलं तर तुझा इथला शेवटचा दिवस."

सुमित्राबाई आल्या. मी शेजारची खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत.

"काय गो पोरी, नवीन घ्यावा लागंल म्हनतोय हा. तू शिकल्याली हाय. खरा सांग."

कुंदन त्यांच्या मागे उभा राहून माझ्याकडे रोखून बघत होता.

"नका घेऊ, काकी. आतल्या पंख्यात अक्षता अडकल्या होत्या. काढल्या. आता चालतोय."

"माज्या अक्षता?"

"हो."

"टेम्पोला धा वर्सं वाहते. तो कवा नाय बंद पडला."

"टेम्पोचा पंखा हातभर असतो. याचा दोन बोटांचा आहे."

"म्हंजी देवाचा दोष?"

"तांदळाचा."

"बघ आये, बघ कशी बोलते!"

"तू गप रं. झाकन कोनी काढून दिला व्हता मना?"

कुंदन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला. त्या माझ्याकडे वळल्या.

"किती दिस बंद पडत व्हता?"

"सोळा."

"आन तू काय करत व्हतीस?"

"नोंदी ठेवत होते." मी वही पुढे केली. त्यांनी हात लावला नाही.

"चूल इझली तर बाय फुकनी घेते. कितीदा इझली त्या लिवत नाय बसत."

मी वही मागे घेतली. बंदी होती हे खरं, पण उष्णतेचं मला सहाव्या दिवशीच कळलं होतं. पुढचे दहा दिवस मी लिहीत राहिले, कारण आकडे सुंदर येत होते.

"नवीन नाय घ्यायचा," सुमित्राबाई म्हणाल्या. "हाच चालंल. आन ही पोरगी उद्यापासून नको."

"आये, टायपिंग कोन करनार?"

"तू कर. दुकान तुजा हाय ना?"

त्या वर निघून गेल्या. कुंदनने खुर्चीला लाथ मारली.

"झालं समाधान? एक वाक्य बोलायचं होतं. मला पेंटियम, तुला नोकरी."

"खोटं वाक्य."

"मग आता खरं चाव बसून. ऊठ तिथून."

स्क्रीनवर रबाळ्याच्या एका लग्नाची पत्रिका अर्धी झालेली होती. निमंत्रक एक्कावन्न, त्यातले अडतीस म्हात्रे. संध्याकाळी ती छपाईला जायची होती. मी उठले, वही पिशवीत टाकली. कुंदन माझ्या जागी बसला आणि दोन बोटांनी सुरू झाला. कीबोर्डवर फक्त इंग्रजी अक्षरं होती. मराठी अक्षरं कुठे ते मला पाठ होतं. 'म्हा' उमटायला त्याला पुष्कळ वेळ लागला. मग बोटं हवेतच थांबली.

"ए, म्हात्रेतला 'त्र' कुठंय?"

मी चपला घालत होते.

"शोधा," म्हटलं.