पावलांची पायरी

“आधी आवाज तं ऐका मिस्तरी, मंग बोला!” म्हणत जानरावांनी इंजिनावरचं पोतं ओढून बाजूला केलं.

“आवाज ऐकाले मी वाशिमाहून आलो काय?” उकंडराव मिस्त्री विहिरीच्या काठावर फतकल मारून बसले होते आणि खाली पाण्याकडे पाहत होते. “इंजिन चांगलं हाये. त्याचा काई गुन्हा नाई. पन ते या इहिरीसाठी नाई.”

जानरावांचं तोंड उतरलं. किन्हीराजाच्या शिवारात इंजिन आणणारे ते पहिलेच. केनवडच्या साडूने पाच घोड्यांच्या ताकदीचं घेतलं, म्हणून यांनी आठ घोड्यांचं घेतलं. निवड करण्याची रीत एवढीच. बैलगाडीतून, डफडं वाजवत, हार घालून इंजिन शेतात आलं. नारळ फुटला आणि पाण्याची अशी धार सुटली की पाहायला जमलेल्या गावाने टाळ्या पिटल्या. दुपारच्या भाकरीआधीच धार तुटली. पंप नुसती हवा ओढत खरखरू लागला आणि काठावरून वाकलेल्या साऱ्या गावाला विहिरीचं बुड दिसलं.

नेमकं तेच व्हायला नको होतं. या विहिरीत साती आसरांचं, म्हणजे पाण्यातल्या सात देवतांचं ठाणं. घरात आलेली प्रत्येक नवी सून आपल्या हातातली एक हिरवी बांगडी आसरांच्या नावाने पाण्यात सोडायची. पाण्यातल्या एका पायरीवर इवलीशी पावलं कोरलेली होती. ती पावलं उघडी पडली की मोट थांबवायची, असा जानरावांच्या पणजोबापासूनचा दंडक होता. त्याखालची जागा आसरांची, ती माणसाने पाहायची नाही. त्यामुळे विहिरीत पाणी किती आणि झरा किती, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. सात बाजांची दोरी उसवून, जोडून सोडली तरी बुड लागत नाही, असं मात्र सगळे छाती फुगवून सांगत. जानरावांनी इंजिन आणलं ते या सात बाजांच्या भरवशावर.

जानरावांची आई गोजराबाई त्या दिवशी घरात गेली, ती विहिरीवर फिरकली नाही. या विहिरीचं पाणीच तिने सोडलं. सत्तरी उलटलेली बाई, नदीच्या डोहावरून स्वतःपुरती कळशी आणू लागली. पंप पुन्हा चालू केलास तर अन्नही सोडीन, असं लेकाला बजावून मोकळी झाली. इकडे चैत्र तापला होता. इंजिनापायी एक बैलजोडी विकल्यामुळे मोटेची एकच जोडी उरली होती आणि तिच्यावर अर्धी बागसुद्धा भिजत नव्हती. संत्र्याची पानं वळत चालली होती, लिंबोळीएवढी फळं गळून आळ्यात पडत होती. बाग जगवायची तर पंप हवा होता आणि पंप चालवायचा तर आई उपाशी राहणार होती.

उकंडरावांचा जन्म इंजिनांत गेला होता. वाशिमच्या एका जिनिंगमध्ये तेल घालणारा म्हणून लागले आणि मिस्त्री होऊन बाहेर पडले. आता गावोगाव पंप बसवत फिरत. दुसऱ्यांच्या विहिरी पाहण्यात त्यांना मुलगी पाहायला गेल्यासारखा आनंद व्हायचा. स्वतःच्या घरी विहीर नव्हती. बायको तुळसाबाई आळीच्या विहिरीवरून घागरी आणायची आणि ‘जगाले पानी पाजनारा’ म्हणून नवऱ्याला चिडवायची. ते मिशीत हसायचे. माणूस मोठा सुखी होता.

ते गोजराबाईकडे गेले आणि उंबऱ्याशी बसले.

“मायबाई, इहीर आनखी खोल केली तं?”

“आसराच्या अंगावर कुदय घालतं काय रे?”

“मंग झाडं मरतीन.”

“झाडं जानरावच्या बापानं लावली, पानी म्या घातलं. मले झोंबत नाई काय?” म्हातारीने विहिरीच्या दिशेला हात केला. “पन इहीर मले सासूच्या जागी हाये बाप्पा. माह्या लेकानं साऱ्या गावापुढं तिचा पदर ओढला. कोन्या तोंडानं तिच्यापुढं जाऊ मी?”

उकंडरावांना मनापासून वाईट वाटलं. मग म्हणाले, “पावलं उघडी नाई पडली, तं चालते काय पंप?”

“पंपाले डोये हायेत काय, पावलं पाहाले?”

“डोये नाई. पन तोंड हाये न त्याले!” असं म्हणून मिस्त्री एकदम उठले आणि चपला उलट्यासुलट्या घालून विहिरीकडे निघाले.

मोट हाकणारा रूपला बैलांना पाणी दाखवत होता.

“रूपला, पावलं उघडी पडली का तू मोट सोडतं. मंग झाकाले किती येय लागते?”

“भाकर खातो, चिलीम ओढतो, घडीभर लवंडतो. उठलो का झाकलेली रायते.”

“उद्या मी पाह्यतो. जेवन रोजच्याएवढंच करजो, नाईतं माहा हिसाब चुकन.”

दुसऱ्या दिवशी रूपलाने पावलं दिसेपर्यंत मोट चालवली आणि मग रोजच्यासारखा जेवला, घोरला. मिस्त्री मात्र पाण्यात काडी रोवून पाणी वर चढताना पाहत बसले. झरा बारीक होता, पण इमानी होता. रूपलाची मोट थांबत थांबत दिवसभरात जेवढं पाणी काढते त्याच्या दुपटीहून जास्त तो न थांबता देईल, एवढं त्यांना समजलं.

“तीन घोड्यांचं इंजिन अन् लहान पंप,” त्यांनी जानरावांना सांगितलं.

“तीन? केनवडवाले हासतीन मले!”

“हासू द्या. संत्री आली का तेच पाटी घिऊन येतीन.”

शेलूबाजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याला त्याचं तीन घोड्यांचं इंजिन पुरत नव्हतं. त्याच्याशी अदलाबदल झाली. मिस्त्रींनी लहान पंप बसवला, आणि पाणी ओढणारा पाइप विहिरीत सोडण्याआधी करवत घेऊन सरळ कापायला बसले. त्याचं तोंड पावलांच्या वीतभर वर यायला हवं होतं. पाणी तिथवर उतरलं की पंप आपोआप हवा ओढणार आणि धार तुटणार.

“अहो, खाली पुरुषभर पानी उरते न!” जानराव कळवळले. “त्याचं काय करायचं?”

“ते तुमचं नाई,” मिस्त्री म्हणाले आणि करवत चालवत राहिले.

पंप सकाळी सुरू झाला. आवाज अगदी बेताचा, दोन शेतांपलीकडे ऐकू न जाणारा. जानराव घडोघडी विहिरीत डोकावत होते. पाणी उतरलं, उतरत उतरत पावलांच्या वर हातभर आलं आणि तिथेच थबकलं. धार बारीक होती, पण ऊन कललं तरी तुटली नाही. बागेच्या शेवटच्या ओळीतली आळी भरली तेव्हा जानराव मिस्त्रींचा हात धरून नुसते हसत सुटले.

तेवढ्यात गोजराबाई कळशी घेऊन आली. रूपला उठून उभा राहिला. गुडघ्यांवर हात देत ती पायऱ्या उतरली, पाण्यापाशी बसली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. बोटांना कोरलेली पावलं लागली. तो ओला हात तिने कपाळाला लावला. मग ओंजळभर पाणी प्यायली, कळशी भरून घेतली आणि पदराची गाठ सोडली. गाठीत एक हिरवी बांगडी होती.

“हे कोनाच्या नावाची, माय?” जानरावांनी वरून विचारलं. घरात नवी सून आलेली नव्हती.

म्हातारीने हनुवटीने पंपाकडे दाखवलं. “नवी आली न घरात!”

उकंडरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. गोजराबाईने आपल्या उघड्या, बांगडी नसलेल्या हाताने ती बांगडी पाण्यात सोडली. ती पाइपाच्या तोंडाजवळून, पावलांवरून खाली खाली गेली आणि दिसेनाशी झाली.