गादीवरचं कौल

चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध गारबाबा उभे, हातात लिंबाएवढा लोखंडी गोळा. पुढ्यात दोन कौलं. साधं कौल दोन विटांवर आडवं टेकवलेलं, आणि मंतरलेलं छान मऊ गादीवर.

"ही आभाळातली गार!" म्हणत बाबांनी गोळा साध्या कौलावर सोडला. खाड्! दोन तुकडे. मग तोच गोळा मंतरलेल्यावर टाकला, तर त्याला साधा ओरखडाही नाही. झालं! टाळ्या काय, लोटांगणं काय! गेल्या गारपिटीत वस्तीची छपरं फुटली, तेव्हा लोकांची अक्कलही त्याच भोकांतून उडून गेली असावी.

"असं एकच कौल चढवा, सगळं छप्पर वज्राचं होईल," बाबा गरजले. "मात्र नंतर डागडुजी करायची नाही. छपराला हात लागला की मंत्र उतरला!"

वा रे अट! छप्पर फुटलं तर दोष तुमचा, बाबा नामानिराळे.

गर्दीत सासऱ्यांशेजारी उभ्या सुनेच्या डोक्यात तिडीक गेली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. घरी तिच्या तान्ह्या लेकीच्या पाळण्यावरची कौलं तडकली होती, वर आभाळ भरून आलं होतं, आणि काल मंतरलेलं कौल चढवल्यापासून सासरे कोणाला शिडी लावू देत नव्हते.

"मामंजी, त्यांचं कौल गादीवर कशाला?"

"अगं, मंतरलेली वस्तू जमिनीवर ठेवतात का? गादी आपल्याच घरची. मीच दिली!" सासऱ्यांची छाती फुगली.

घ्या! फसवणुकीचं साहित्यसुद्धा भक्तांनीच पुरवायचं.

ती पुढे झाली. "बाबा, जरा अदलाबदल करू. मंतरलेलं विटांवर, साधं गादीवर."

"पाखंडी! कोप होईल!"

"होऊ दे की, माझ्यावरच होईल ना?"

बाबा आडवे येईपर्यंत तिनं त्यांच्याच ढिगातलं न मंतरलेलं नवं कौल उचललं आणि दोन्ही कौलं मांडून गोळा टाकलासुद्धा. गादीवरचं साधं कौल शाबूत राहिलं. विटांवरचं मंतरलेलं मात्र खाड्!

"गादी कौलाला खालून सगळीकडे आधार देते, मार स्वतःच्या पोटात घेते," ती म्हणाली. "विटांवर कौल मधे अधांतरी राहतं, म्हणून मोडतं. तुमच्या छपरावर कुठं गादी आहे?"

"बाईचा हात लागला, म्हणून मंत्र उतरला!" बाबांनी सारवासारव केली.

"एवढ्यानं उतरतो, तर गारांपुढं काय टिकणार?" न्हावी ओरडला आणि चौक खो खो हसला.

सासऱ्यांचा चेहरा उतरला. "सूनबाई, चुकलंच गं माझं."

"ते नंतर, मामंजी. आधी शिडी धरा."

शेवटचं कौल बदलून होतंय तोच गारा तडातडा कोसळल्या. सासरे पाळण्यापाशी जीव मुठीत धरून बसले. पोरीला जाग आली, तिनं भोकाड पसरलं, पण छप्पर टिकलं.

लोकहो, तडकलेलं कौल बदलायला मंत्र लागत नाही, हात लागतात. ते हात अडवणारा कोणी भेटलाच, तर त्याला एवढंच विचारा, "महाराज, या छपराखाली तुमचं लेकरू झोपवाल का?"