फॉर्मवरचं वय

"एजे, ताई, झालं का हो? बाळ नणंदेकडे रडत असेल," केन्जेगुलनं दारातून तिसऱ्यांदा विचारलं. तिच्या सासूच्या छातीतली गाठ काढली होती. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला तिचा तुकडा रुमालात बांधून केन्जेगुल सकाळीच डोंगराळ नारिनहून बिश्केकला, आमच्या प्रयोगशाळेत आली होती.

"रंग चढायला वेळ लागतो, बाई. चहा घे."

सत्तावीस वर्षं मी अशा गाठींचे काप काचेवर रंगवते. एक ठरावीक प्रथिन जास्त असलं की काप तपकिरी होतो, आणि जितका गडद तितकी गाठ आडदांड. माणसांशी बोलायचं काम माझं नाही, ते बरंच आहे.

काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. गडद तपकिरी. हे रोजचंच होतं. पण कडेला नजर गेली आणि मी फॉर्म पुढे ओढला. तिथे दुधानं भरलेल्या ग्रंथी होत्या. फॉर्मवर वय होतं एकसष्ट.

"तुझंही काही काढलं का गं?"

"दुधाची गाठ होती, किरकोळ! सासूबाईंच्या बरोबरच काढली. सगळी कागदपत्रं नवऱ्यानं केली. शनिवारी आम्ही मेंढ्या घेऊन कुरणावर चाललोय, सप्टेंबरात परत."

या प्रथिनावर औषध आहे, पण ते लगेच सुरू करावं लागतं. मी काच आणि फॉर्म घेऊन तडक आमच्या डॉक्टरांकडे गेले.

"तिच्या नवऱ्याला फोन करतो," ते म्हणाले. "रोग्याला सांगायची आपल्याकडे पद्धत नाही. तू रंग दे आणि गप्प बस."

"तो तिला डोंगरात नेतोय, डॉक्टर!"

"मोकळ्या हवेत बरी होईल, असं वाटत असेल बिचाऱ्याला."

माझ्या आईलाही आम्ही आजार लपवून, असंच गोड बोलून पोचवलं होतं. त्याची मला आजही लाज वाटते.

मी परत आले, दार लावलं. "केन्जेगुल, ही गाठ सासूबाईंची नाही. तुझी आहे."

ती हसली. मग हसू तसंच राहिलं आणि हात छातीकडे गेला.

"औषध आहे. पण सप्टेंबरपर्यंत थांबलीस तर उशीर होईल."

तिनं रिकाम्या रुमालाची घडी घातली. "घरी कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"नवऱ्याला नक्कीच. फॉर्मवर सासूबाईंचं नाव-वय त्यानंच घातलं. बाकीचं तूच ओळख."

"तरीच," ती म्हणाली. "परवा मटणातला मानाचा तुकडा सासूबाईंनी माझ्या ताटात वाढला. लग्नाच्या सहा वर्षांत पहिल्यांदा. आणि मी वेडी, खूश होऊन सगळा खाल्ला."