सोनुबाईची करणी

नवऱ्याची, पोशाची दारू सुटावी म्हणून गौराबाईनं नेरळच्या डॉक्टरांकडून त्या नव्यानंच निघालेल्या गोळ्या आणल्या. "ही गोळी पोटात असताना दारू प्यायला तर तडफडेल. त्याला सांगूनच द्या, नाहीतर जिवावर बेतेल," डॉक्टरांनी बजावलं होतं. सांगून द्या म्हणे! सांगितलं असतं तर पोशानं गोळ्यांसकट तिलाही उकिरड्यावर फेकलं असतं. ती गुपचूप गोळी कुटून कालवणात घालू लागली. गोळ्या ठेवल्या शेजारच्या म्हाताऱ्या सोनुबाईकडे, तांदळाच्या मडक्यात. मार पडला की गौराबाई तिच्याच पडवीत दडायची. दुसरं होतं कोण तिला?

होळीच्या दुपारी पोशा पिऊन आला आणि अंगणातच कोसळला. तोंड लालबुंद, छाती धाडधाड उडतेय, ओकारी थांबेना. गौराबाईच्या मनात आलं, मेला तर आपणच मारला! संध्याकाळपर्यंत तो कसाबसा उठून बसला, पण तोवर धाऊ भगतानं तांदूळ टाकून निवाडा देऊन टाकला होता: करणी. आणि करणार कोण? वाडीत पोराबाळांवाचून एकटी राहणारी म्हातारी एकच.

लोकांनी सोनुबाईला केसांना धरून ओढत आणलं. "बोल गं, काय केलंस त्याला?"

गौराबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. एक शब्द बोलली की म्हातारी सुटली. पण मग पोशानं गौराबाईला जिवंत ठेवलं नसतं. ती दारातच उभी राहिली. सोनुबाईनं तिच्याकडे पाहिलं, मग पोशाकडे वळली.

"हो, मीच केली करणी. आन् ऐक रं पोशा, परत दारूला तोंड लावलंस तर परत करीन. तवा उठायचा नायस."

मग काय विचारता! चपलांनी, काठ्यांनी बडवत तिला वाडीबाहेर काढलं. पहिला हात पोशाचा. गौराबाई रडली, पण घरात, तोंडात पदर कोंबून.

पोशानं त्यानंतर दारूचा थेंब घेतला नाही, अशी दहशत बसली त्याला. कामाला जाऊ लागला, बायकोवर हात उगारायचा थांबला. बायका म्हणायच्या, "गौरे, नशीब काढलंस गं!"

भातं कापून झाल्यावर दोघं कशेळ्याच्या बाजाराला गेली. एसटीच्या थांब्यापाशी सोनुबाई फडकं पसरून भीक मागत बसली होती. एक डोळा गेलेला.

पोशा थुंकला. "बघू नको तिच्याकडं," म्हणाला, आणि चारचौघांत बायकोचा हात धरून तिला जपून पुढं घेऊन गेला.

गौराबाईनं बघितलं नाही.