नमुना उत्तर

पेपर तपासायच्या खोलीत मॅडमनी चौथा गठ्ठा सोडला. विषय होता ‘माहिती तंत्रज्ञानातले नवे प्रवाह’ आणि पुस्तक सहा वर्षांपूर्वीचं, म्हणजे वरातीमागून घोडं! शेवटचा प्रश्न चार गुणांचा होता: येत्या काळात कोणत्या चार नोकऱ्यांना मागणी वाढेल? सगळ्यांनी पुस्तकातल्या चार नोकऱ्या पोपटासारख्या उतरवल्या होत्या आणि मॅडमही डोळे झाकून चार-चार गुण देत सुटल्या होत्या.

एका पोरीने मात्र लिहिलं होतं, ‘ही चारही कामं आता एआय करतं. माझ्या दादाने त्यातल्या दोन नोकऱ्या केल्या, दोन्ही गेल्या. मी हा विषय मोठ्याने पाठ करायला लागले की तो उठून दार लावून घेतो.’

मॅडमचं पेन थांबलं. पेपर घेऊन त्या मुख्य परीक्षकांकडे गेल्या.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “नमुना उत्तरात आहे का हे?”

“नाही. पण खरं आहे, सर.”

“खरं-खोटं करायला बसलोय का आपण? पुढच्या वर्षीपासून पेपरही एआयच तपासणार आहे. कशाला उगाच डोक्याला ताप करून घेताय?”

मॅडम जागेवर आल्या. त्यांनी शून्य दिलं, बेरीज केली, पुन्हा करून पाहिली. पास व्हायला तीन गुण कमी पडत होते.

अख्ख्या गठ्ठ्यात विषय कळलेली ती एकटीच होती, आणि नापासही ती एकटीच झाली.